प्याला आणि बाक

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे दोन्ही समुद्रांपासून शेकडो मैल दूर आहेत. जाम नदीचे पाणी कन्हानला मिळते आणि पुढे वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने पूर्वसमुद्रास जाते. शेजारच्या मुलताईस उगम पावणारी तापी मात्र पश्चिमेस वळून सुरतेच्या जुन्या बंदरापाशी सागरास भेटते. म्हणजे या पठारावर पडलेला पाऊस दोन्ही समुद्रांपर्यंत पोचतो, परंतु खलाशाची जात येथे वसलेली नाही. अशा ठिकाणच्या वाचकांपुढे किनाऱ्यावरील खलाशांच्या मद्यगृहांचा विषय मांडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तरीही तो मांडण्यास कारण आहे. मराठी रंगभूमीवर मद्यपानाची जी सर्वांत प्रसिद्ध शोकांतिका आहे, तिच्या कर्त्याने आपला देह याच परिसरात ठेवला. नागपूरहून सौंसरकडे येणाऱ्या वाटेवरील सावनेर येथे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले.

बंदराकाठच्या मद्यगृहांविषयी प्रेमाने लिहिण्याची एक रीत जगभर रूढ आहे. कोणत्या धक्क्याजवळ कोणते घर, तेथे कोणते पेय, भिंतीवर कोणत्या जहाजांची चित्रे, अशा याद्या प्रवासवर्णनांतून पुष्कळ आढळतात. त्यांतील गोडवा सर्वस्वी खोटा नाही. गोव्यातील तावेर्न ज्याने पाहिले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. फेरीच्या धक्क्याजवळ किंवा गावाच्या तिठ्यावर एक बुटके घर, आत दोन बाक, काजूच्या हंगामात उर्राक आणि वर्षभर फेणी. पुष्कळ ठिकाणी तेच घर गावचा पसरोही असते, त्यामुळे मीठ, तेल आणि सोरो एकाच माणसाच्या हातून मिळतात. जहाजावरून परतलेला तारवटी तेथे बसला म्हणजे कोणाची बोट कोठे लागली, कोणास काम मिळाले, कोणाच्या घरी पैसे पोचले नाहीत, हे सारे त्याला अर्ध्या तासात कळते. वर्षभर ज्याच्या पायांखालची फळी हलत होती, त्याला न हलणारा बाक हेच मोठे सुख असते.

परंतु यादी लिहिणाऱ्याची दृष्टी बाकावरच थांबते. बाकावरील माणसाच्या घराकडे जाणारी पायवाट त्याला दिसत नाही. म्हणून हे लेखन वाचताना सुखावते आणि मिटल्यावर काही मागे ठेवीत नाही. खऱ्या लेखकाने हीच जागा कशी पाहिली, ते मेलव्हिलकडून शिकावे. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीच्या आरंभी न्यू बेडफर्ड बंदरातील एक खलाशांचे वसतिगृह आहे. त्यातील मद्याची जागा देवमाशाच्या प्रचंड जबड्याच्या कमानीत मांडलेली आहे, आणि त्या जबड्यात उभा राहून एक म्हातारा खलाशांना पेले भरून देतो. हे पेले बाहेरून सरळ दिसतात, परंतु आतून निमुळते होत जातात. त्यांचा तळ फसवा असतो. सबंध बंदराचे अर्थशास्त्र मेलव्हिलने त्या एका काचेत दाखविले आहे. खलाशी महिनोन्‌महिने कमावतो आणि किनाऱ्यावर चार दिवसांत गमावतो, ही केवळ त्याच्या स्वभावाची गोष्ट नव्हे. त्याच्याभोवती उभी केलेली ती एक यंत्रणा आहे. धनी वेतन जेथे देतो ती जागा मद्याचीच असेल, तर मजुराचा निश्चय किती टिकणार? इंग्लंडात मजुरांचे वेतन मद्यगृहात देण्यास १८८३ साली कायद्याने मनाई करावी लागली, ती काही उगाच नव्हे.

गडकऱ्यांनी हाच प्याला दुसऱ्या बाजूने पाहिला. त्यांचे नाटक गुत्त्यातून घराकडे पाहत नाही, घरातून गुत्त्याकडे पाहते. जात्यावर बसलेली सिंधू हे त्या नाटकाचे केंद्र होय. बालगंधर्वांच्या सिंधूने मराठी प्रेक्षकांच्या मनात जे घर केले, त्याचे कारण केवळ गायन नव्हते; यादी लिहिणाऱ्यांना न दिसलेली पायवाट तेथे प्रथमच रंगमंचावर आली होती. या दृष्टीने पाहता ‘एकच प्याला’ हे साऱ्या मद्यगृहप्रशस्तीला दिलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर अजून जुने झालेले नाही.

असे असूनही त्या उत्तरात एक उणीव राहते, आणि ती सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांना गडकऱ्यांनी विनोदाच्या स्वाधीन केले आहे. प्रेक्षक पोट धरून हसतो, परंतु ही माणसे तेथे का जमतात, हे त्याला समजत नाही. श्रमणारा मनुष्य प्याल्यासाठी जितका जातो, तितकाच बाकासाठीही जातो. तेथे त्याला नावाने हाक मारणारे कोणी असते. किनाऱ्यावरील लेखनाला हे ठाऊक आहे, आपल्या नाटकाला ते ठाऊक नाही. मात्र गडकऱ्यांच्या प्रतिभेला त्याची चाहूल लागली होती, याचा पुरावा खुद्द नाटकातच सापडतो. सुधाकर एकदा मद्य सोडतो आणि काम मागत दारोदार फिरतो. प्रतिष्ठित समाज त्याला झिडकारतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. उलट भगीरथाला रामलाल नुसता उपदेश करीत नाही, त्याला जगण्यासाठी एक कार्य देतो. म्हणून भगीरथ तरतो. म्हणजे नाटकाचे जाहीर तात्पर्य पहिल्या प्याल्याविरुद्ध आहे, परंतु त्याचे खोल तात्पर्य असे की, ज्याला चांगल्या लोकांच्या ओट्यावर जागा नाही, तो वाईट लोकांच्या बाकावर जाऊन बसतो. आपल्या टीकाकारांनी पहिले तात्पर्य शंभर वर्षे सांगितले, दुसऱ्याकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

हे दुसरे तात्पर्य एका खलाशी समाजाने कोणतेही नाटक न वाचता अंमलात आणले. मुंबईत बोटीच्या प्रतीक्षेत राहणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावांच्या नावाने कूड स्थापन केले. अल्प वर्गणीत झोपण्यापुरती जागा, भिंतीशी ओळीने ठेवलेल्या पेट्या, एक वेदी आणि दररोज संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची प्रार्थना, एवढाच तेथील संसार. बोट कोठे लागली, काम कोठे आहे, घरचे पत्र कोणी आणले, हे सारे तावेर्नमध्ये मिळणारे धन तेथे प्याल्यावाचून मिळू लागले. त्यांतील काही कूड आजही आहेत. मुंबईत १८९२ साली ‘इटालियन भुरगो’ या खेळाने जन्मलेल्या कोंकणी तियात्राचा प्रेक्षकही बव्हंशी याच कष्टकरी गोवेकरांतला होता. तियात्रातील बेबद्याला पाहून तो हसे, परंतु ते हसणे आपल्याच शेजाऱ्याला पाहून हसावे तसे होते. तळीरामाला हसणाऱ्या आपल्या प्रेक्षकाच्या हसण्यात मात्र ‘हा आपल्यातला नव्हे’ असा एक निश्वास मिसळलेला असतो.

आपण देवस्थानांभोवती वाढलेली माणसे आहोत, म्हणून हा फरक आपल्याला विशेष विचारात घ्यावा लागतो. मद्य आणि देव यांचा संबंध आपल्याकडे एकेरी नाही. गोव्यातील कित्येक गावांत राखणदाराला रोट आणि सोरो अर्पण करतात. उज्जयिनीच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो. सातपुड्यातील गोंड आपल्या देवापुढे मोहाच्या दारूची धार सोडतात. दुसऱ्या बाजूने, मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, मुलताई आदी धार्मिक स्थळांतील मद्यविक्री बंद केली. तापीच्या उगमाशी गुत्ता नसावा, या भावनेत गैर काही नाही. सिंधूच्या बाजूने पाहिले तर तो निर्णय स्वागतार्हच ठरतो. परंतु प्याला उचलून नेला म्हणजे बाकाचा प्रश्न सुटला, असे समजणे हे तळीरामाला नुसते हसण्यासारखे आहे.

पांढुर्ण्यास तर याची कसोटी दर वर्षी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचा झेंडा रोवला जातो आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. या गोटमारीत माणसे जखमी झाली आहेत, मेलीही आहेत. त्या दिवसाचा विषय निघाला की मद्याचे नाव पुढे येते, आणि ते बरोबरच आहे. परंतु उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्या तरुणांना नदीच्या दोन्ही काठांवर एकत्र बसण्याजोगी कोणती जागा आपण दिली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. गोव्याच्या देवळांना अग्रशाळा आहेत, आपल्याकडे धर्मशाळा आणि सभामंडप आहेत. उत्सव आटोपला की त्यांतील पुष्कळांना कुलूप लागते. संत्र्याच्या बागेत किंवा कारखान्यात दिवसभर राबलेला माणूस सायंकाळी त्या कुलपाजवळून पुढे जातो. तो कोठे जाऊन बसतो, हे सर्वांना ठाऊक असते.

तेव्हा खलाशांच्या मद्यगृहांविषयीचे लेखन वाचावे ते त्यातील पेयासाठी नव्हे, तर त्यातील बाकासाठी. आणि ‘एकच प्याला’ पाहावा तो सिंधूसाठी रडून घरी परतण्यासाठी नव्हे, तर सुधाकराला कोणत्या दारांतून परत पाठविले गेले ती दारे ओळखण्यासाठी. पहिल्या प्रकारच्या लेखनात घर नाही, दुसऱ्यात बाक नाही. ज्या दिवशी एखादा मराठी अथवा कोंकणी लेखक ही दोन्ही स्थळे एकाच पायवाटेने जोडील, त्या दिवशी गडकऱ्यांचे सावनेरला थांबलेले काम पुढे सरकेल. तोपर्यंत निदान सभामंडपाचे कुलूप काढणे आपल्या हाती आहे.