'रिसर्च ग्रेड' म्हणजे रिसर्च नव्हे

परवा एका ज्युनिअरने मुरुडजवळचा फोटो पाठवला. ओहोटीला खडकात साचलेल्या पाण्यात मोबाईल बुडवून काढलेला. पाणी गढूळ, मधे काळपट गोळा आणि एका फटीतून दिसणारी जाळीदार नक्षी. आयनॅचरलिस्टने नाव सुचवलं: मॉरिटिया अरॅबिका, अरेबियन कवडी. त्याने तेच निवडलं, दुसऱ्या एकाने 'सहमत' दाबलं, नोंद 'रिसर्च ग्रेड' झाली. आता प्रश्न: "ताई, प्रबंधात वापरू का?"

आधी एक कबूल करते. २००८ मध्ये सुरू झालेलं हे व्यासपीठ मी रोज वापरते. रायगडचा एवढा लांब किनारा एकट्या संशोधकाच्याने बघून होणार नाही. तक्रार व्यासपीठाबद्दल नाही, त्या शिक्क्याच्या आपण लावलेल्या अर्थाबद्दल आहे.

फोटो, तारीख, ठिकाण असेल आणि दोन-तृतीयांशांहून जास्त लोक एका जातीवर सहमत असतील, तर हा शिक्का मिळतो. त्यासाठी दोन मतंही पुरतात, आणि त्यातलं एक खुद्द फोटो काढणाऱ्याचं असू शकतं. म्हणजे शिक्का सहमती मोजतो, पुरावा नाही. दोघांनीही मशीनचीच सूचना उचलली असेल, तर ती दोन मतं नव्हेतच, एकाच मताचा पडसाद आहे.

आता फोटोतला पुरावा बघू. जिवंत कवडी आपलं मॅन्टल, म्हणजे शरीराची पातळ घडी, शिंपल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून घेते. तो काळपट गोळा म्हणजे हेच असणार. पुस्तकांत मात्र बहुतेक वेळा धुतलेला, रिकामा शिंपला असतो. शिवाय मॉरिटिया हिस्ट्रिओ या जवळच्या जातीच्या पाठीवरही जाळीदार नक्षीच असते. फरक ठरवायला कडा आणि खालची बाजू लागते. फोटोत दोन्ही नाहीत. पाण्यात लाल रंग आधी शोषला जातो, त्यामुळे रंगावरही भिस्त ठेवता येत नाही.

मग ज्युनिअरला काय सांगितलं? नाव 'मॉरिटिया' या प्रजातीपर्यंतच ठेव. अरॅबिका असण्याची शक्यता आहे, पण शक्यता म्हणजे नोंद नव्हे. अशा नोंदी पुढे जीबीआयएफच्या जागतिक साठ्यात जातात. उद्या कुणी त्यावरून जातीचा प्रसार-नकाशा काढेल, तेव्हा तुझा अंदाज तिथे ठिपका होऊन बसलेला असेल.

पुढच्या उधाणाच्या ओहोटीला परत जा. बाजूने, समोरून फोटो काढ, शेजारी पट्टी ठेव. कवडी मॅन्टल आत घेईपर्यंत थांब. न ओळखता कुठलाही शंख हातात घेऊ नकोस, कोन शंख विषारी असतात. आणि चालतोय म्हणून गोगलगायच असं धरू नकोस, आत शंखखेकडाही असू शकतो.

व्हायवात "जात कशावरून ठरवली?" असं विचारलं, तर "दोघं सहमत होते" हे उत्तर चालणार नाही. "दात आणि खालची बाजू पाहिली" हे चालेल.