पडद्यावरचे चित्र आणि फलकावरची अक्षरे

आमिर खान यांचा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये आला, आणि ज्या मुलाला आपण ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवत आलो, त्याच्या व्यथेला ‘डिस्लेक्सिया’ हे नाव घरोघर मिळाले. अमोल गुप्ते यांच्या लेखणीचे हे ऋण मोठे आहे. ईशान अवस्थी आळशी नाही, उनाड नाही. त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे नाचतात, एवढेच. हे इतक्या हळुवारपणे सांगणारी कलाकृती आपल्याकडे विरळाच.

तरीही एक शंका मनातून जात नाही. ईशानला शेवटी तारते ते वाचन नव्हे, चित्रकला. निकुंभ सर त्याला वाळूत अक्षरे गिरवायला लावतात, मातीची अक्षरे करवून घेतात, पायऱ्यांवर गणित शिकवतात. पण हा सारा खटाटोप संगीताच्या ओघात काही मिनिटांत उरकतो. मग चित्रस्पर्धा, बक्षीस आणि टाळ्या! प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो तो ‘प्रत्येक मुलात एखादी कला दडलेली असते’ हे समाधान घेऊन. मग ज्याच्या हाती कुंचला नाही, गळ्यात सूर नाही, त्या साध्यासुध्या पोराने काय करावे? त्याला वाचता येणे हेच मुळी मोलाचे नाही काय?

त्या काही मिनिटांत जे दडपले गेले, तेच खरे नाट्य होय. सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत जी रीत घातली, ती चिकाटीची आहे. डोळ्यांनी पाहायचे, कानांनी ऐकायचे, तोंडाने उच्चारायचे आणि बोटाने गिरवायचे. आणि एक पायरी पक्की झाल्याविना दुसरीवर पाय ठेवायचा नाही. आपल्या देवनागरीत तर आणखी गाठी आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत अंतर केसाएवढे. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, उच्चार मात्र नंतर! ही एक वेलांटी एखाद्या पोराला पंधरा-पंधरा दिवस अडवून धरते, हे आम्ही शिक्षक वर्गात पाहतो. ओरडून ती सुटत नाही. वाळूच्या ताटात बोट फिरवीत, मोठ्याने उच्चार करीत, रोज थोडे थोडे घोटावे लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली; परीक्षेत सवलतीही मिळतात. त्या हव्यातच. पण सवलत म्हणजे वाचन नव्हे.

याच चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. निकुंभ सरांना भेटून वडील परत निघाले आहेत. आणि त्यांना दिसते की, ईशान सूचनाफलकापुढे उभा राहून अडखळत, अक्षराला अक्षर जोडत वाचतो आहे. ना बक्षीस, ना टाळ्या. माझ्या मते चित्रपटाचा कळस तेथे आहे, स्पर्धेत नाही.

सुट्टीत मुलांसह हा चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा त्या जागी क्षणभर थांबा. आणि घरातले एखादे पोर याच अंकातली ओळ चाचपडत वाचू लागले, तर ती पुरी होईपर्यंत त्याला वेळ द्या.