नोंद आणि ओळख

बंगळूरच्या पूर्वेस, जुना मद्रास रस्ता आणि बाह्य वर्तुळ रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, तेथे के. आर. पुरम हे उपनगर आहे. येथे खोली भाड्याने घ्यावयाची किंवा मजुरीस लागावयाचे म्हटले, की पहिला प्रश्न ओळखपत्राचा येतो. वर्तुळ रस्त्याने दक्षिणेकडे गेले की काही मैलांवर करियम्मन अग्रहार लागते. जानेवारी २०२० मध्ये तेथील मजुरांच्या झोपड्या, त्यांत बेकायदा आलेले बांगलादेशी राहतात या संशयावरून, पाडण्यात आल्या. कित्येकांपाशी आधार आणि मतदार ओळखपत्र होते. ती हाती असूनही झोपड्या वाचल्या नाहीत. आधारची तांत्रिक घडण याच शहरात झाली, आणि तिच्याविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हेही याच शहराचे रहिवासी होते.

त्यांच्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ज्या हक्काला मूलभूत म्हणून मान्यता दिली, त्याला मराठीत काय म्हणावे याविषयी आपली भाषा अजून चाचपडत आहे. ‘गोपनीयता’ म्हणावे, तर काहीतरी लपविण्याजोगे आहे ही शंका त्या शब्दातच वसते. ‘एकांत’ हा साधकांचा आणि प्रेमिकांचा. ‘खासगी’ हा शब्द अधिक रूढ खरा. पण त्याची वंशावळ पाहावी. होळकरांच्या राज्यात दौलत निराळी व खासगी निराळी असे. खासगी म्हणजे राजकुटुंबाची निजी मिळकत. ज्याच्यापाशी मिळकत, त्याच्यापाशी खासगी. गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्याची खासगी ती कोणती?

या हक्काचे वाङ्मय मराठीत शोधावयाचे झाल्यास आपला समीक्षक बहुधा नवकथेकडे, तिच्यातील अंतर्मनाच्या दालनांकडे वळेल. प्रस्तुत लेखकास तो मार्ग चुकीचा वाटतो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही दोन आत्मकथने या बाबतीत अधिक जाणती आहेत. कारण शासनाच्या वहीत नाव असणे म्हणजे काय, हे त्यांच्या लेखकांच्या समाजांनी पिढ्यानुपिढ्या भोगले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाची नोंद त्याच्या कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून करण्याचा पायंडा पाडला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येऊ लागला. नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेणे, त्यांना हजेरी देण्यास लावणे, त्यांच्या हालचालींवर निर्बंध घालणे हे सारे कायदेशीर झाले. सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती झाल्या. संस्थानी मुलखातही याचे अनुकरण झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पोलीस चौकीच्या स्मरणातून मात्र तो इतक्या लवकर गेला नाही, हे ‘उचल्या’ वाचणाऱ्यास सांगावयास नको.

गायकवाडांच्या आजोबांना हजेरी द्यावी लागे. या हजेरीच्या प्रसंगांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मराठीत ‘ओळख’ हा दुहेरी व्यवहार आहे. आपण ओळख काढतो, ओळख ठेवतो, एखादा ओळख दाखवीत नाही म्हणून रुसतो. प्रत्येक वेळी समोर दुसरा माणूस असतो आणि तोही आपणांस ओळखीत असतो. हजेरीत यातील एक बाजू गळून पडते. पोलीस म्हाताऱ्यास पुरता जाणतो, तरीही म्हाताऱ्याने रोज स्वतःला सादर केले पाहिजे. येथे ओळख संपते आणि नोंद सुरू होते. आधाराच्या यंत्रावर अंगठा टेकवून ‘जुळत नाही’ हे उत्तर ऐकणाऱ्या शिधापत्रिकाधारकाची स्थिती याहून फारशी निराळी नाही. दुकानदार त्याला नावाने हाक मारतो, यंत्र त्याला ओळखीत नाही, आणि धान्य यंत्राच्या मताने मिळते.

तथापि एवढ्यावरच थांबणे हा अर्धा न्याय होईल. या लेखकांना नोंदीचे भय आहे तसे नोंद नसण्याचे दुःखही आहे. आपल्या समाजाला गाव नाही, घर नाही, जन्मतारीख नाही, ही ‘उचल्या’मधील व्यथा आहे, ‘उपरा’मध्ये मुलाचे शाळेत नाव घातले जाणे ही साऱ्या आयुष्याला वळण देणारी घटना आहे. शाळेच्या वहीत नाव चढते ते प्रवेश म्हणून, चौकीच्या वहीत चढते ते पहारा म्हणून. आणि दोन्ही ठिकाणी लिहिणारा हात परकाच. महाराष्ट्रातील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींना शाळेच्या सोयीची तीच तारीख सुचली. गुरुजींनी रचलेले हे कल्पित आज सर्व सरकारी कागदांवर सत्य म्हणून विराजमान आहे! २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी आधारचे पहिले क्रमांक वाटले गेले, ते याच अभावाचे नाव घेऊन. त्या आश्वासनाला निव्वळ ढोंग म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्यापाशी सर्व कागद आहेत त्यानेच ते म्हणावे, हे काही बरे नव्हे.

आता आपल्या समीक्षेकडे. ही दोन्ही पुस्तके साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविली गेली, आणि आपण त्यांची वाखाणणी कोणत्या शब्दांत केली? ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’, ‘दाहक वास्तवाचा पुरावा’. प्रस्तुत लेखकानेही हे शब्द वापरले आहेत. ज्याने आयुष्यभर जमातीच्या नावाखालील नोंद भोगली, तो प्रथमपुरुषी एकवचनात बोलू लागला, तेव्हा आपण त्याला पुन्हा जमातीच्या खात्यात जमा केले. त्याने काय सांगितले याबरोबरच काय सांगितले नाही, कोणत्या प्रसंगावर पडदा टाकला, हे आपण विचारले नाही. पुराव्याला मौनाचा अधिकार नसतो, लेखकाला असतो. आणि स्वतःविषयी किती बोलावे हे स्वतः ठरविणे, हाच तर २०१७ च्या निर्णयाचा एक गाभा आहे. ‘उपरा’तील आईवडिलांची चित्रे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. तेथे निवेदक साक्षीदार म्हणून नव्हे, तर मुलगा म्हणून शब्द निवडतो.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आधार कायदा बहुतांशी वैध ठरविला. खासगी संस्थांना क्रमांक मागण्याची मुभा देणारा भाग मात्र टिकला नाही. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी एकट्यांनी भिन्नमत नोंदविले. २०२२ मध्ये फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम आला. त्याने ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळेही नोंदता येतात आणि ती नोंद पंचाहत्तर वर्षे राखता येते. ज्यांच्या आजोबांनी हजेरी दिली, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला यातून काय येईल, हे पुढील आत्मकथनांत दिसेल. करियम्मन अग्रहारातील एखादा मजूर आपला वृत्तान्त लिहील, तो बंगालीत असेल की असमियात, की उत्तर कर्नाटकाच्या कन्नडात? आणि तो आपल्या हाती पडेल तेव्हा आपण त्याच्याकडे आधी कथा मागू, की कागद?