दुष्यंताचा बाण कुठे लागला असता?

‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील हरीण संस्कृत साहित्यात बहुधा सर्वाधिक वाखाणले गेले असेल. मान वळवून रथाकडे पुन:पुन्हा पाहणारे, बाणाच्या भयाने मागचे अंग पुढे आकसून घेणारे, अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडणारे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यावर हे कथानक मराठी रसिकांच्या अधिकच परिचयाचे झाले. टीकाकारांनी या चित्रातील डौल पुष्कळ उलगडून दाखविला. एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही: तपस्वी आडवा आला नसता, तर राजाचा बाण नेमका कुठे लागला असता?

प्रश्न रुक्ष वाटेल. पण सरकारी नोकरीत पंचनामे वाचण्यात हयात गेल्यामुळे, जखमेची जागा पाहिल्यावाचून कृत्याचा अर्थ लावू नये, असे आम्ही मानतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही. त्याचे पाते कापते आणि रक्तस्रावाने जनावर मरते. म्हणून जाणता धनुर्धर हरीण आडवे व स्वस्थ उभे राहण्याची वाट पाहतो आणि पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या भागी नेम धरतो. तेथे फुप्फुसे आणि हृदय असतात. पोटात बाण लागलेले हरीण तत्काळ पडत नाही. ते दूर निघून जाते आणि कित्येक तास तडफडते.

आता कालिदासाचे चित्र पुन्हा पाहावे. हरीण धावते आहे, राजा त्याच्या मागे आहे आणि राजासमोर आहे ती हरणाची पाठमोरी बाजू. बाण मांडीत तरी रुतला असता, नाहीतर पोटात. ज्या आकसलेल्या अंगाचे आपण सौंदर्य म्हणून कौतुक करतो, तेच अंग बाणाखाली होते. शस्त्र आर्तांच्या रक्षणासाठी आहे, निरपराधावर प्रहारासाठी नव्हे, हे तपस्व्याचे म्हणणे धर्माचे तर आहेच, शिवाय धनुर्विद्येच्या कसोटीसही उतरते. दुसऱ्या अंकात सेनापती चंचल लक्ष्य भेदण्यातच धनुर्धराचा उत्कर्ष मानतो. हे मत कवीने राजाची मर्जी राखणाऱ्या सेवकाच्या तोंडी घातले आहे, हे विसरू नये.

दापोरा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांना रामकथा आणि पांडवकथा नव्या नाहीत. वाल्मीकींच्या रामाचा बाण मारीचाचे हृदय भेदतो. मृगरूपातील मारीच ताडाइतका उंच उसळून कोसळतो. हृदयावर घाव बसलेले हरीण असे उसळते, हे निरीक्षण अचूक आहे. महाभारतातील किंदम ऋषी मृगरूपात पांडूच्या बाणांनी विद्ध होतो. मृगवधाचा दोष तो राजाला देत नाही. रतिसमय संपेपर्यंत तू थांबला का नाहीस, एवढेच विचारतो. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात तर एकाच दशरथाचे दोन बाण आहेत. हरिणी आड येताच तो कानापर्यंत ओढलेला बाण आवरतो. पुढे केवळ आवाजावर, लक्ष्य न पाहता सोडतो आणि मुनिपुत्राचा जीव जातो. कुठे, केव्हा आणि काय पाहून मारले, हे आपले कवी नोंदवीत आले आहेत.

आपल्या बऱ्हाणपुरातही हा धागा आहे. तापीपलीकडे जैनाबादेस आहूखाना आहे. फारसीत ‘आहू’ म्हणजे हरीण. १६३१ मध्ये निवर्तलेल्या मुमताजमहलचे तात्पुरते दफन मृगयेच्या याच बागेत झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता हरणांची शिकार गुन्हा ठरविली आहे. त्यामुळे नेमाची ही विद्या आपल्याला वाचनापुरतीच उरली आहे. पण वाचनात तिचा उपयोग मोठा आहे.

कारण हरणावरचा बाण परतला, तरी नाटकातला घाव टळत नाही. पाचव्या अंकात भर दरबारी दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही. शापामुळे राजाला लक्ष्य दिसतच नाही, आणि शब्द सुटतात. तेथे आडवा येणारा तपस्वी नाही. सोबत आलेले आश्रमवासीही तिला मागे ठेवून निघून जातात. अस्थानी बाण लागलेल्या हरणाप्रमाणे ती पडत नाही; जखम घेऊन दूर, हेमकूटावर जाते आणि तेथेच पुत्राला वाढवते. पहिल्या अंकातील हरणाचे केवळ सौंदर्य पाहणाऱ्या रसिकाला पाचवा अंक निव्वळ दैवदुर्विलास वाटेल. बाणाची जागा पाहणाऱ्याला मात्र त्या घावाची चाहूल आधीच लागलेली असते.