'इतर परिस्थिती कायम' — कुणाची?

अर्थशास्त्राची तोंडओळख करून देणारं कुठलंही पुस्तक उघडा. किंमत वाढली की मागणी घटते, आणि मागं शेपटासारखं एक वाक्य : इतर परिस्थिती कायम असताना. पोरं घोकतात, पेपरात लिहितात, मार्क घेतात. ही इतर परिस्थिती कोणती? पुस्तकवाले सांगतात : उत्पन्न, आवडनिवड, लोकसंख्या. त्या यादीत जात नाही.

एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या धरून ठेवायच्या, ही हिशेबाची सोय आहे. त्यात लबाडी नाही. आपलं भांडण आहे मजुरीच्या प्रकरणाशी. तिथं 'श्रमाची गतिशीलता' नावाचं कलम असतं : मजुरी जास्त तिकडं मजूर जातो. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त होती. आपली माणसं मात्र कताईतच. का? कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नाही. झालं, गतिशीलता संपली! आणि हा अडसर एकट्या मालकाचा नव्हता, शेजारच्या कामगाराचाही होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. पुढं 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी मुळावरच बोट ठेवलं : जात कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांची करते, धंदा बदलू देत नाही, म्हणून बेकारीही वाढवते.

मुंबई कशाला, सोलापुरातच बघा. पुस्तकात श्रमाचा पुरवठा म्हणजे वर चढणारी एक रेघ. आपल्या गावात तो पुरवठा काटेरी तारेच्या आत होता. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कैकाडी, पारधी अशा जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. त्यांतल्या कित्येक कुटुंबांना इथल्या सेटलमेंटात आणून ठेवलं, इथल्या कापडगिरण्यांत कामाला लावलं. काम संपलं की परत तारेत, हजेरीला. ज्याच्या मागं हजेरी आहे तो माणूस मालकाला 'परवडत नाही, चाललो' म्हणेल कसा? आणि तो तसं म्हणू शकत नसेल, तर मजुरी मागणी-पुरवठ्यानं ठरली असं कुठल्या तोंडानं शिकवायचं? तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. पुस्तकातली रेघ आहे तशीच आहे.

आता आपल्या पोरांबद्दल. अभ्यासवर्गात एकजण म्हणाला, "काय बे, सगळं भांडवलदारांचं शास्त्र! फेकून द्या." मला हे पटत नाही. बाबासाहेब पदवीनं आधी अर्थशास्त्रज्ञ. 1918 साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी पहिल्याच प्रकरणातलं हत्यार वापरलं : जमीन, श्रम, भांडवल. बाकीचे म्हणत होते, तुकडे लहान म्हणून शेती बुडते. त्यांनी उलटं विचारलं : तुकड्याबरोबर बैल किती, अवजारं किती, भांडवल किती? तेच नसेल तर लहान तुकडासुद्धा मोठाच. शेतीत अडकलेले जादा हात कारखान्यात गेल्याशिवाय जमिनीवरचा भार हलणार नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. पुस्तक फेकून हे जमलं असतं का?

तेव्हा पुढच्या बैठकीत मजुरीचंच प्रकरण घेऊ. घरात कुणी गिरणीत असेल, बिड्या वळत असेल, तर विचारून या : काम कुठलं मिळालं, आणि दुसरं का नाही मिळालं.