विद्येचें दान कीं हक्क?

रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून तें पतिभक्तीचें स्मारक म्हणून वाचलें जातें. या वाचनांत खोटें कांहीं नाहीं. परंतु तें अपुरें आहे असें आम्हांस वाटतें.

१८७३ सालीं देवराष्ट्रे गांवची एक अकरा वर्षांची मुलगी एकतीस वर्षांच्या विद्वान् विधुराच्या घरांत सून म्हणून आली. सुधारक माधवरावांनीं वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकविली. मात्र पत्नीस शिकविण्याचें त्यांनीं लागलेंच मनावर घेतलें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस हें रुचलें नाहीं. त्यांचा रोष आणि सुनेचें मुकाट्यानें सोसणें बाईंनीं ज्या निगर्वी साधेपणानें सांगितलें आहे, तो या ग्रंथाचा मोठा गुण होय. त्यांत आदळआपट नाहीं, म्हणूनच तें मनाला अधिक लागतें.

परंतु लेखिका जो प्रश्न विचारीत नाहींत, तो विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. पति माधवरावांसारखा नसता तर? याचें उत्तर त्याच काळीं मुंबईच्या न्यायालयांत मिळालें. रखमाबाईंचें लग्नही अकराव्या वर्षींच लागलें होतें. त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारतांच १८८४ सालीं पतीनें दावा लावला, आणि १८८७ सालीं पतीकडे जावें अथवा सहा महिने कैद भोगावी असा हुकूम झाला. पुढल्या वर्षीं तडजोड झाली, तेव्हां कोठें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊं शकल्या. एकीला विद्या पतीच्या कृपेनें लाभली. दुसरीला ती पुरी करण्यासाठीं पतीपासून सुटावें लागलें. दोघींच्याही हातीं हक्क म्हणून कांहीं नव्हतें.

ग्रंथांतील ही उणीव बाईंनीं कृतीनें भरून काढली, हें येथें सांगितलें पाहिजे. १९०९ सालीं सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनांत त्यांनीं परक्यांच्या लेकीसुनांनाही शिक्षणाचें दार उघडून दिलें.

आज कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय अठरा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें तेवीस जणींचें लग्न त्याआधींच उरकलें होतें. त्या प्रत्येकीला माधवराव भेटले असतील काय? हा प्रश्न उरतो, तोंवर ‘आठवणी’ जुन्या झाल्या असें आम्ही म्हणणार नाहीं.