शेंगदाण्याचे ‘बरोबर’ उत्तर कशाचे?

टाचणीला टोचलेला शेंगदाणा पेटवायचा, पाण्याच्या डब्याखाली धरायचा आणि अन्नातील ऊर्जा काढायची, हा प्रयोग अनेक प्रयोगपुस्तिकांत असतो. साहित्य स्वस्त, कृती सोपी, आणि एवढ्याशा दाण्याने पाणी तापलेले पाहून मुले हरखतात. आमचा आक्षेप प्रयोगाला नाही, त्याच्या मांडणीला आहे.

समजा, पत्र्याच्या डब्यातील ५० ग्रॅम पाणी २८ अंशांवरून ४६ अंश सेल्सिअसपर्यंत तापले. पाण्याने ५० × १८ = ९०० कॅलरी उष्णता घेतली. दाण्यातील ०.४ ग्रॅम भाग जळाला असेल, तर उत्तर येते ग्रॅममागे सव्वादोन किलोकॅलरी. आहाराच्या तक्त्यात मात्र आकडा असतो साडेपाचच्या आसपास. पुस्तिका ‘प्रायोगिक त्रुटी’ एवढे म्हणून मोकळी होते. मग चलाख विद्यार्थी तापमान वाढवून लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. विज्ञानाच्या तासाला खोटी नोंद शिकवण्याची ही उत्तम सोय!

वास्तविक, उरलेली उष्णता गेली कोठे, येथूनच प्रयोग सुरू व्हायला हवा. डबा ४५ ग्रॅमचा असेल, तर लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.११ धरून तो सुमारे ५ ग्रॅम पाण्याइतकी, म्हणजे ९० कॅलरी उष्णता घेतो. एवढ्याने हिशेब जुळत नाही. डब्याच्या बुडाची काजळी अपूर्ण ज्वलन दाखवते. बरीच उष्णता तर गरम हवेबरोबरच निघून जाते. ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा करावा, खाली हवेला वाट ठेवावी आणि पुन्हा मोजावे. उत्तर वाढले, तर त्रुटीचे एक कारण मुलांनी स्वतः शोधलेले असेल. बाँब कॅलरीमापीतही याच गळत्या बंद केलेल्या असतात: दाबाखालील ऑक्सिजनमध्ये पूर्ण ज्वलन होते आणि ज्वलनपात्र पाण्यात बुडालेले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तक्त्यातील आकडा या प्रयोगाचे उत्तरच नव्हे! स्टार्च आणि कापसातील सेल्युलोज जाळल्यास ग्रॅममागे जवळपास सारखीच उष्णता मिळते, सुमारे ४.२ किलोकॅलरी. पण भाताने पोट भरते, कापसाने नाही, कारण सेल्युलोज पचवणारे विकर आपल्याजवळ नाही. प्रथिने जाळल्यास सुमारे ५.६५ किलोकॅलरी मिळतात. शरीरात मात्र त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर पडतो आणि थोडी ऊर्जा सोबत नेतो. पचनातील व मूत्रातील ही घट वजा करून अमेरिकन रसायनज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस प्रथिने ४, कर्बोदके ४ आणि स्निग्ध पदार्थ ९ हे गुणक रूढ केले. आजही पाकिटांवरील आकडे मुख्यतः त्यांवरूनच काढतात. शेंगदाणा पूर्ण जाळला, तर उत्तर तक्त्याहून जास्तच येईल.

तेव्हा शिक्षकांनी गुण उत्तर जुळण्याला देऊ नयेत, उष्णतेच्या हिशेबाला द्यावेत. दाण्याबरोबर कापसाचा बोळाही जाळून दाखवावा. जळणे आणि पचणे यांतला फरक मुलांच्या लगेच ध्यानात येईल.